डाव्या हातातल्या बांगड्या

विंझर, ता. वेल्हे
२४ सप्टेंबर २०२४

सुले,

अक्षर वळखलंस का? न्हाई वळखणार. भोरच्या शाळंत तुझ्या शेजारी बसायची, मामाकडं राहायची, तुझ्या डब्यातल्या गुळपोळ्या निम्म्या खाऊन टाकायची ती नूतन. मामांच्या घरनं तुझा पत्ता मिळाला. तू कालिजात जीवशास्त्राची बाई झालीस आन् रिटायर बी झालीस म्हणं. आगं बाई, आपण एवढ्या म्हाताऱ्या कवा झालो?

मोबाईल का केला न्हाई म्हणशील. आमच्या वाडीवर रेंज कवा असती, कवा नसती, आन् बोलाय लागलं की अख्खं घर कान देतं. शिवाय मला आता लिहायला लई येळ असतो. सांगते.

माझ्या दोन्ही किडन्या बसल्या गं. बीपीनं खाल्ल्या म्हणत्यात. आठवड्यातनं दोनदा पुण्याला रक्त धुवायला जाते. शिवानीचे बाबा टेम्पोतनं सोडत्यात. चार तास पडून राहायचं, डावा हात जपायचा, उजवा मोकळा. बाकीची माणसं झोपत्यात न्हाईतर टीव्ही बघत्यात. म्या म्हटलं, सुलीला पत्र लिहू.

आत्ता मानंत एक नळी घातलीय, तिच्यातनं रक्त काढत्यात. पण ती कायमची न्हाई. त्यासाठी डाव्या मनगटात एक शीर आन् एक धमनी एकमेकीला जोडलीय. फिश्चुला म्हणत्यात त्याला. आता जोरानं रक्त येऊन ती शीर फुगायला पायजे, चांगली जाड व्हायला पायजे. मंग तिच्यातच सुया टोचायच्या आन् मानंतली नळी काढून टाकायची. दोनेक महिने लागतील म्हणाले. त्या जागंवर बोट ठेवलं ना सुले, की मांजर मांडीवर बसून घुरघुरतंय असं लागतं. घुरघुर चालू हाय तवर शीर जित्ती. म्या दिवसातनं धा येळा बोट लावून बघते. हात वळवून मूठ दाबायचा व्यायाम सांगितलाय, तर रोजची कणीक म्याच मळते. सासूबाई म्हणत्यात, "सुनेला आजार लागला आन् भाकऱ्यांच्या चपात्या झाल्या."

त्या हातात बांगडी न्हाई घालायची, कळशी न्हाई उचलायची, त्या कुशीवर झोपायचं न्हाई. एका हातात चुडा आन् एक हात मोकळा. गावात बायका बघत्यात. एक तर तोंडावरच म्हणाली, "नवरा धडधाकट हाय न्हवं?" म्या हसले, पण लागलं.

माझं सगळं अडलंय ते शिवानीपायी. पाच वर्षं वाट बघून झालेली एकुलती एक पोर. सारोळ्याचं स्थळ आलंय, माऊली नावाचा मुलगा, हायवेला स्वतःचं हार्डवेअरचं दुकान. तिला आवडलाय, मला दिसतंय. पण पोरगी हट्टाला पेटलीय. "आई, तुझा हात तयार झाल्याशिवाय मी लग्न करणार न्हाई," अशी शपथच घेतलीय. म्हंजे माझ्या मनगटातली शीर मोठी झाली की पोरीला हळद लागणार. बघ आता, कुठं नेऊन बांधलं माझ्या पोरीनं मला.

उत्तर लिही. तुला अशी पत्रं कुणी लिहितं का गं आता?

तुझी
नूतन


भोर
३ ऑक्टोबर २०२४

नूतन, अगं नूतन,

पाकीट फोडलं आणि दोन ओळींतच तुझा आवाज ऐकू आला. निम्म्या गुळपोळ्या? सगळ्या खायचीस, खोटारडे! आई विचारायची, डबा एवढा चाटूनपुसून कसा येतो, आणि मी म्हणायचे भूक लागते.

किडन्यांचं मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. एवढं सगळं झालं आणि मला आता कळतंय. मी उठून आले असते गं, पण रघुवीरांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. ते अंथरुणाला आहेत, म्हणून मी मुदतीआधीच रिटायर झाले. त्यांना कूस बदलून द्यायलासुद्धा मीच. तासाभराच्या वर घर सोडता येत नाही. तेव्हा भेट पत्रातूनच. मला कोणी पत्र लिहीत नाही. पोस्टमनसुद्धा विचारत होता, "बाई, हे काय नवीन?"

आता बाईंचं ऐक. कणीक मळतेस ते उत्तम. ती घुरघुर रोज बघ, सकाळी उठल्याबरोबर आणि निजताना. कधी लागेनाशी झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी पुणं गाठायचं. आणि मानेतली नळी जप. तिला पाणी लागू देऊ नको, आणि थंडी वाजून ताप आला तर क्रोसिन घेऊन घरात बसू नको. ती नळी सरळ हृदयाशी जाते, तिच्यातून जंतू गेला तर फार वाईट.

बायका बोलतात ते बोलू दे. उजव्या हातात दुप्पट घाल म्हणजे हिशेब पुरा.

शिवानी अगदी तुझ्यावर गेली. तू नाही का, मला चित्रकलेत नापास केलं म्हणून सरांच्या तासाला आठवडाभर वहीच उघडली नव्हतीस! तिला माझे आशीर्वाद. हात तयार होईलच. पोरीला हळद लागेल आणि तूच ती लावशील.

तुझी
सुलू


विंझर
१४ नोव्हेंबर २०२४

सुले,

तुझं पत्र चार येळा वाचलं. चित्रकलेचं म्या इसरले व्हते बघ!

भातं काढून झाली. औंदा म्या खळ्यावर नुसती बसून व्हते, उन्हात, महाराणीवानी. सारोळ्याची मंडळी येऊन गेली. मुलगा शांत हाय, शिवानीकडं बघून बोलत न्हाई आन् ती बी त्याच्याकडं बघत न्हाई, म्हंजे पक्कं झालं समज. मुलाच्या आईनं माझा मोकळा हात बघितला. म्या सांगून टाकलं, ऑपरेशनचा हात हाय. त्या बिचाऱ्या काय बोलल्या न्हाईत.

आन् गोड बातमी, हात तयार झाला! डाक्टर म्हणाले झकास हाय. फेब्रुवारीतली तारीख काढलीय. शिवानीनं माझ्या गळ्यात पडून एवढं रडून घेतलं की शेजारची माणसं धावत आली. सुया मात्र हातातनं लग्नानंतरच सुरू करणार हायेत, म्हंजे तवर नळी राहील मानंत. पदर घेतला की दिसत न्हाई.

आता तुला एक इचारायचं हाय, तू शिकलेली म्हणून. माझ्या शेजारच्या खाटंवर एक ठकुबाई असती. माझ्याच वयाची, तिकडं वेल्ह्याकडचीच. तिचा बी असाच हात जोडला. पण तिची शीर वाढलीच न्हाई. आदी घुरघुर व्हती, मंग बारीक झाली, आन् आता एक दिवस सकाळी उठून बघती तर काईच न्हाई. एकदम गप. बाईनं सगळं पाळलं व्हतं गं. बांगडी घातली न्हाई, कुशीवर झोपली न्हाई. डाक्टरनं तिला इचारलं, पाळी कवा गेली? ती म्हणाली, चौतिसाव्या वर्षी पिशवी काढली, दोन्ही अंगचे गोळे बी काढले. अंगावरनं पांढरं जायचं, डाक्टर म्हणाला काढून टाका, पुढं कॅन्सर व्हईल, तर काढली. आमच्याकडं तर लई जणींची काढलीय. तर ह्या डाक्टरनं नुसती मान हलवली आन् म्हणाला, बायकांचं असं व्हतं, त्यात तुमचं आदीच गेलेलं. पुढं काय सांगितलं ते तिला कळलं न्हाई, तिनं इचारलं बी न्हाई.

ती मला इचारती, पिशवीचा आन् मनगटाचा काय संबंध? आन् त्या हातात परत काय जीव येईल का? तू खरं खरं लिही. ती घाबरणारी बाई न्हाई.

तुझी
नूतन


भोर
२५ नोव्हेंबर २०२४

नूतन, माझी गुणाची बाई,

हात तयार झाला! पत्र हातात घेऊन मी रघुवीरांना ओरडून सांगितलं. त्यांना बोलता येत नाही, पण हसले. तू वाचलीस गं.

आता ठकुबाईंचं. तू म्हणतेस खरं लिही, तर खरं लिहिते.

शीर म्हणजे काही बागेची नळी नव्हे, की पाणी जास्त सोडलं आणि ताणली. तिला आतून एक पातळ अस्तर असतं. रक्ताचा जोर वाढला की ते अस्तर ओळखतं आणि भोवतीच्या स्नायूंना सांगतं, सैल व्हा, जागा करा. मग हळूहळू शीर खरोखर रुंद होते, स्वतःला नव्यानं बांधून घेते. बायकांच्या अंगात त्या अस्तराला या कामात इस्ट्रोजेनची मोठी साथ असते. ते येतं अंडाशयांतून, म्हणजे ठकुबाई ज्यांना गोळे म्हणतात त्यांतून. पाळी जाते तसं ते आटतं. आणि दुसरीकडे वयानं शीर आपली आपणच ताठर होत जाते. इतर बायकांचं हे पन्नाशीच्या आसपास होतं, यांचं चौतिशीतच झालं. म्हणजे ठकुबाईंपेक्षा त्यांच्या शिरा म्हाताऱ्या आहेत असं समज. एवढं एकच कारण असतं असं नाही. बायकांच्या शिरा मुळात बारीक असतात, बीपीनं खराब होतात. पण हेही आहे, आणि याबद्दल बायकांना कोणी सांगत नाही याचा मला फार राग येतो.

आता बाहेरून गोळ्या घेऊन चालेल का, असं त्या विचारतील. इतक्या वर्षांनी दिलं तरी शीर पूर्वीसारखी दाद देत नाही असं दिसतं. ठाम कोणी सांगत नाही, पण मी त्या आशेवर बसणार नाही.

गरोदरपणात बघ ना. पोटात मूल असतं तेव्हा बाईच्या अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं आणि ते नेण्यासाठी गर्भाशयाच्या शिरा कितीतरी पटींनी रुंद होतात. कोणी शिकवत नाही त्यांना. ठकुबाईंना लेकरं असतील तर त्यांच्या शिरांनीही हे एकदा करून दाखवलेलं आहे. त्या काळी जमलं, आता जमत नाही. यात त्यांची चूक नाही, त्यांनी काही पाळलं नाही असं नाही, हे त्यांना नक्की सांग.

पण त्या हातावर आता वाट बघण्यात अर्थ नाही. तो गेला. डॉक्टरांनी कोपराशी दुसरं ऑपरेशन सुचवलं असणारच, तिथल्या शिरा मोठ्या असतात, तिथं जमू शकतं. ते ताबडतोब करून घ्यायला सांग. मानेतल्या नळीवर महिनोन् महिने काढणं म्हणजे विस्तवाशी खेळ आहे. घाबरणारी बाई नाही म्हणतेस, तर हे असंच्या असं वाचून दाखव.

तुझं नशीब थोर, नूतन. बाकी सारोळ्याच्या जावयाबद्दल अजून लिही.

तुझी
सुलू


विंझर
१२ जानेवारी २०२५

सुले,

लग्नाची घाई, म्हणून उत्तराला उशीर. पत्रिका वेगळी पाठवते. तू येणार न्हाईस हे माहीत हाय, तरी पाठवते.

ठकुबाईला तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं कळलं म्हणाली. तिची चूक न्हाई असं तू लिहिलंस तिथं ती रडली. तिला वाटत व्हतं आपण रातीत नकळत हातावर झोपलो असणार, न्हाईतर खळ्यावर पाटी उचलली व्हती एकदा, त्यानं झालं असणार. आन् लेकराच्या टायमाला शिरा आपल्या आपण मोठ्या झाल्या व्हत्या, हे तिला लई आवडलं. परत वाच म्हणाली. म्या परत वाचलं.

दुसरं ऑपरेशन मात्र ती आत्ता करणार न्हाई. घरात कार्य हाय म्हणती. दवाखान्यात जाऊन पडली तर कार्य मोडंल, माणसं थांबवतील. कार्य झालं की दुसऱ्या दिवशी जाते म्हणाली. म्या काय बोलणार? तिच्या जागी म्या असते तर म्या बी हेच केलं असतं.

सुले, मानंच्या नळीवर फेब्रुवारीअखेरपर्यंत निघंल का गं? तिच्यासाठी इचारते.

शिवानी रोज माझा हात बघायला येती. म्या पदराखाली घेते, म्हणते सारखं बोट लावू नको, नजर लागती. ती हसती. ती हसली ना, की मला दुसरं काय नको वाटतं.

तुझी
नूतन


भोर
२२ जानेवारी २०२५

नूतन,

त्या ठकुबाईंना माझ्याकडून चांगलं खडसाव. कार्य कसलं कार्य? जिवापेक्षा कार्य मोठं का? निघेल का म्हणून विचारतेस. निघेलही, अनेकांचं निघतं. पण ज्या दिवशी निघणार नाही तो दिवस आधी सांगून येत नाही. भोरची एक मास्तरीण तुमच्यावर रागावलीय असं सांग. त्यांच्या लेकरांना हे माहीत आहे का? नसेल तर तू सांग. तू शेजारच्या खाटेवर आहेस, तुझं ऐकतील.

बरं, राग बाजूला. शिवानीसाठी एक साडी आणि तुझ्यासाठी एक, अशा दोन एसटीच्या पार्सलनं पाठवल्या आहेत. तुझी आमसुली आहे. शाळेच्या संमेलनात तू तसल्या रंगाची मागून आणलेली साडी नेसली होतीस, आणि सरांनी तुला ओळखलंच नाही. लग्नाचे फोटो पाठव. हळद तू लाव, तुझ्याच हातानं.

तुझी
सुलू


सारोळे, ता. भोर
६ एप्रिल २०२५

ती. सुलू मावशींना शिवानीचा नमस्कार.

आपण कधी भेटलो नाही. तुमचा पत्ता आईच्या पर्समधल्या रिकाम्या पाकिटावर मिळाला. आई १९ मार्चला गेली. लग्नानंतर बारा-पंधरा दिवसांतच तिला थंडी वाजून ताप आला. दोन दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही, मी माहेरपणाला आले होते म्हणून. गोधडी घेऊन बसायची आणि म्हणायची गारठा आहे. बाबांनी पुण्याला नेलं तेव्हा मानेतल्या नळीतून जंतू रक्तात गेला होता. परत घरी आलीच नाही.

मावशी, तुम्हाला कळवणं माझं काम होतं, पण मी त्यासाठीच लिहीत नाहीये. मला कुणाला तरी सांगायचंय आणि बाबांना सांगता येत नाही. आई माझ्यामुळं गेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी घरात बांगड्या भरायचा कार्यक्रम होता. आमच्या विंझरची फुलाबाई कासारीण आली होती. सगळ्या बायका भरत होत्या आणि आई कोपऱ्यात, एक हात पदराखाली. मला बघवेना. मी म्हणाले, "आई, हात आता तयार झालाय ना, मग माझ्या लग्नात तरी दोन्ही हात भर. दोन दिवसांनी काढून टाक." मला खरंच वाटलं, शीर तयार झाली म्हणजे पक्की झाली, आता तिला काही होत नाही. आई माझ्याकडं बघत राहिली. मग उठून फुलाबाईपुढं बसली आणि आपण होऊन डावा हात आधी पुढं केला. फुलाबाई म्हणालीसुद्धा, "आधी उजवा दे की गं." आई म्हणाली, "न्हाई, आधी हाच. लई दिवस उपाशी हाय." सगळ्या हसल्या. फुलाबाईनं हात दाबून दाबून हिरव्या बांगड्या चढवल्या, आणि आई हसत होती. तशी हसताना मी तिला दोन वर्षांत बघितली नव्हती. मला हळद लावताना त्या बांगड्या वाजत होत्या.

तिनं त्या नंतरही काढल्या नाहीत. दवाखान्यात त्या कापून काढल्या. सिस्टर म्हणाली, "ह्या हातातली शीर तर बंद आहे. बांगड्या कुणी घालायला लावल्या?" मी तिथंच उभी होते. शीर चालू असती तर नळी काढली असती. नळी नसती तर ताप आला नसता. हे मला आता रोज दिसतं.

डॉक्टर बाबांना काय काय विचारत होते, बीपी कधीपासून, पिशवी कधी काढली. बाबा म्हणाले, शिवानी दुसरीत होती तेव्हा. मला ते आठवतं. मामा मला शाळेतून घेऊन गेला होता आणि आई खाटेवर पांढरीफटक पडली होती. आता पुण्याला डायलिसिसच्या वेळी तिच्या शेजारच्या खाटेवर नेहमी एक रिक्षावाले काका असायचे. ते म्हणाले, "तुमची आई चार तास लिहीत असायची. मला वाटायचं हिशेब लिहितीय." त्यावरून मला कळलं की ती तुम्हाला लिहायची.

आईला शेवटची सजवली तेव्हा बायका दोन्ही हातांत हिरवा चुडा भरायला लागल्या. मी तिचा डावा हात धरून ठेवला, भरू देईना. सगळ्या म्हणाल्या, पोरीला वेड लागलं. तेव्हापासून मी माझ्याही हातातल्या सगळ्या काढून ठेवल्यात. सासूबाई चांगल्या आहेत, पण नव्या सुनेचे मोकळे हात त्यांना बघवत नाहीत. हे दुकानातून आले की माझ्याशेजारी बसून राहतात. मी काय सांगू त्यांना?

आई तुम्हाला काय लिहायची? माझ्यावर रागावली होती का?

आपली
शिवानी


भोर
१२ एप्रिल २०२५

चि. शिवानी, बाळा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काही लिहू शकले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. माझी नूतन गेली आणि मी इथं लग्नाच्या फोटोंची वाट बघत होते.

आता मी सांगते ते नीट वाच, आणि वाचताना एकटी बसू नको. माऊलींना शेजारी बसव.

तुझी आई मला नोव्हेंबरात लिहिते, शेजारच्या खाटेवर ठकुबाई नावाची बाई आहे. तिच्याच वयाची. तिची शीर वाढली नाही, आणि एक दिवस सकाळी उठून बघितलं तर घुरघुर बंद, एकदम गप. चौतिसाव्या वर्षी त्या बाईची पिशवी काढली होती. तुझ्या पत्रातलं "दुसरीत होती" वाचलं आणि मी बोटांवर वर्षं मोजली. मग रिक्षावाल्या काकांचं वाचलं. शिवानी, तिथं ठकुबाई नव्हतीच गं. ठकुबाई म्हणजे तुझी आई.

म्हणजे बांगड्या भरल्या त्याच्या तीन महिने आधीच तो हात गेला होता. तुझ्या आग्रहानं काही बंद झालं नाही. जी बाई पाच-सहा महिने त्या कुशीवर झोपली नाही, तिनं फुलाबाईला तो हात दाबू दिला, हसत दिला. का दिला? कारण तिथं जपायचं काही उरलं नव्हतं, हे त्या घरात एकट्या तिला माहीत होतं. त्या हाताला पुन्हा बांगड्या घालता येत होत्या, तर तिनं घातल्या. तुझ्या लग्नात घातल्या. मला तर वाटतं तिला मनापासून हव्या होत्या.

तिचा हात का वाढला नाही, तर तिचं वय, तिचं बीपी, आणि जे अंडाशय काढायची बहुधा गरजच नव्हती ते काढल्यामुळे शिरांना मिळणारी साथ फार लवकर तुटली. तुला पुढे कधी कोणी सहज म्हणालं, पिशवीबरोबर सगळंच काढून टाकू, तर आधी माझ्याकडे ये. उठून ये, कितीही वाजता ये.

आणि आता जे तुला टोचणार आहे ते मीच बोलते, कारण तू हुशार आहेस, तुझ्या मनात ते येणारच. तू शपथ घेतली होतीस, म्हणून ती खोटं बोलली. होय, म्हणूनच बोलली. तुला खरं सांगितलं असतं तर तू लग्न थांबवलं असतंस. ते तिला नको होतं. तू शपथ घेतलीस ती आईनं जगावं म्हणून, आणि तिनं ती मोडली ती तुझं घर व्हावं म्हणून. दोघींपैकी चूक कोणाची ते मी ठरवू शकत नाही, आणि तूही ठरवायला जाऊ नको. माझं म्हणशील तर मी तिच्यावर फार रागावलेय. मला ठकुबाई करून सांगितलं! आणि मी काय केलं, तर "तो हात गेला" असं तिचंच तिला स्पष्ट लिहिलं आणि वर जानेवारीत तिलाच रागावले. तिनं ते सगळं दुसऱ्या बाईचं असल्यासारखं ऐकून घेतलं. तुझ्या आईची छाती फार मोठी होती, शिवानी. मला एवढी नाही.

ती तुझ्यावर कधीच रागावली नव्हती. तिनं लिहिलं होतं, "ती हसली ना, की मला दुसरं काय नको वाटतं." आणि एक. मी तिला लिहिलं होतं की पोटात मूल असतं तेव्हा बाईच्या शिरा आपल्या आपण कितीतरी रुंद होतात. ते तिला फार आवडलं. परत वाचून दाखव म्हणाली, असं तिनं ठकुबाईच्या नावानं लिहिलं. पंचवीस वर्षांपूर्वी तिच्या शिरांनी ते केलं होतं, न शिकवता, तुझ्यासाठी. या वेळी नाही जमलं त्यांना. बस्, एवढंच झालं.

मला पत्र लिहीत जा. मला आता कोणी लिहिणारं नाही.

तुझी
सुलू मावशी


विंझर
२७ एप्रिल २०२५

ती. सुलू मावशी,

तुमचं पत्र ह्यांच्याशेजारी बसून वाचलं. मग विंझरला येऊन बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "मला एका शब्दानं बोलली असती तर म्या लग्न थांबवलं असतं." मी म्हटलं, "म्हणूनच नाही बोलली, बाबा." नंतर ते टेम्पोत जाऊन बसले, गाडी चालू न करता. मी गेले नाही त्यांच्याजवळ. दोघंही रडलो असतो.

मला तुमच्यापेक्षा जास्त राग आला होता. आईची उशी आपटली मी. म्हटलं, कुणी सांगितलं होतं एवढं करायला? एक वर्ष थांबलं असतं लग्न, काय झालं असतं? मग तिची आमसुली साडी सापडली, तुम्ही पाठवलेली. एकदाच नेसलेली, पदराला हळद लागलेली. ती धुणार नाही मी.

काल फुलाबाई वाडीवर आली होती. आजीनंच तिला हाक मारली. मी ओसरीवर बसले. फुलाबाईनं सवयीनं उजवा हात मागितला.

मी डावा पुढं केला.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं पेटीतून हिरव्या बांगड्या काढल्या आणि माझा हात दाबायला लागली. मावशी, दुखतं हो फार. आई कशी हसत होती?

तुमची
शिवानी